डिग्री नाही म्हणून नोकरी हुकली, पण सलीम अलींच्या एका पुस्तकाने भारताला पक्षी ओळखायला शिकवलं

खिडकीच्या ग्रिलवर एखादा अनोळखी पक्षी येऊन बसला की आपण काय करतो? मोबाईल काढतो, झूम करून फोटो घेतो आणि ग्रुपवर टाकतो, ‘हा कोणता?’ पाच मिनिटांत कुणीतरी नाव सांगतं. कुणी नाही सांगितलं तर ॲप सांगतं.

आता हाच प्रश्न १९०८ च्या आसपासच्या मुंबईत नेऊन बघा. गिरगावजवळच्या खेतवाडीत राहणारा दहा-बारा वर्षांचा एक मुलगा. हातात मामांनी दिलेली छऱ्याची बंदूक. या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. उचलून पाहिली तर नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती चिमणी? घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मुलाचं नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. भावंडांमध्ये सगळ्यात धाकटा. तो वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. मूलबाळ नसलेले मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना सांभाळलं. मामा शिकारीचे शौकीन होते आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे, म्हणजे बीएनएचएसचे सदस्यही होते. त्यांनी भाच्याला चिमणी घेऊन थेट सोसायटीच्या ऑफिसात पाठवलं.

तिथे भेटले डब्ल्यू. एस. मिलार्ड, सोसायटीचे मानद सचिव. इंग्रज साहेबासमोर कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन उभं राहायचं म्हणजे त्या वयात केवढी धाकधूक झाली असेल. पण साहेब प्रेमळ निघाला. त्यांनी चिमणी लगेच ओळखली, मग कपाटाचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या पोराला दाखवले. वाचायला काही पुस्तकंही दिली. त्यात एक होतं ‘ईएचए’ यांचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक.

आता हे ईएचए कोण? पूर्ण नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १८५१ चा, आपल्या साताऱ्यातला. काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि मग कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरी धरली. १८८३ मध्ये बीएनएचएस स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. अंगणातला कावळा, घरातली पाल, दिव्यावर येणारे किडे यांच्यावर त्यांनी इतकं मिश्कील लिहून ठेवलंय की आजही वाचताना हसू येतं. निसर्ग बघायला जंगलातच जायला पाहिजे असं नाही, हे त्यांच्या पुस्तकांतून समजतं. खेतवाडीच्या पोरासाठी ते अगदी योग्य पुस्तक होतं.

पण म्हणून पोरगं पुढे सरळ पक्षीशास्त्रज्ञ झालं, असं काही घडलं नाही.

सलीम कॉलेजात गेले ते सेंट झेवियर्समध्ये. पहिल्याच वर्षी गणिताने दमवलं आणि कॉलेज सुटलं. १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशातल्या तव्हॉयला गेले. तिथे कुटुंबाचा लाकडाचा आणि वुल्फ्रॅमच्या, म्हणजे टंगस्टनच्या खनिजाच्या खाणींचा व्यवसाय होता. भोवती घनदाट जंगल, त्यामुळे धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच लक्ष जास्त. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. घरच्यांच्या समाधानासाठी व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला सुरुवात केली आणि सोबत झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्याकडे प्राणिशास्त्र. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी लग्न झालं.

पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली. सलीम अलींना हवी होती तशीच नोकरी. पण विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती आणि तेवढ्यावरून ती हातची गेली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना गाईड लेक्चररची नोकरी मिळाली. पगार ३५० रुपये. काचेच्या पेटीतले प्राणी-पक्षी लोकांना समजावून सांगायचे. दोन वर्षांत त्यांना हे काम पुरेनासं झालं. १९२८ मध्ये अभ्यासरजा टाकून ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझेमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाकडे ते शिकले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचं स्थलांतर कसं शोधतात, तेही पाहिलं. डिग्री याही वेळी मिळाली नाही, पण ज्याला आपण गुरू म्हणतो तो मात्र मिळाला.

१९३० मध्ये ते परत आले, तर म्युझियममधली जागाच रद्द झालेली. कारण, पैसे नाहीत.

वय चौतीसच्या घरात, हातात नोकरी नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. आज मुंबई-पुण्याची मंडळी वीकेंडला जातात तेच किहीम. घराजवळच्या एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. बेकार माणसाकडे वेळच वेळ. पावसाळाभर सलीम अली त्या खोप्यांसमोर बसून राहिले.

आणि तिथे त्यांना जे दिसलं ते भारीच होतं. मराठीत आपण पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो, बहिणाबाईंमुळे तर ती घराघरात पोचली. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. तोही अर्धाच. मग माद्या येतात, हलणाऱ्या अर्धवट खोप्यांची पाहणी करतात. एखादीला खोपा पसंत पडला तर ती तिथे राहते, मग नर खोपा पूर्ण करतो. तिने अंडी घातली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकाच हंगामात एकामागून एक असे संसार. १९३१ मध्ये हे संशोधन बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आलं आणि सलीम अलींचं नाव अभ्यासकांमध्ये झालं. प्रयोगशाळा नाही, पगार नाही, कोकणातलं एक झाड आणि चिकाटी.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांना एक सरळ प्रस्ताव दिला. तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो, मानधन नको, फक्त मोहिमेचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, कच्छ अशी एकेक संस्थानं ते पालथी घालत गेले. तहमिना सोबत असायच्या. सुखवस्तू घरात वाढलेल्या, इंग्लंडमध्ये शिकलेल्या या बाई तंबूत राहायच्या आणि छावणीची व्यवस्था बघायच्या.

या काळात त्यांनी ह्यू व्हिसलर या इंग्रज तज्ज्ञाच्या लिखाणातल्या त्रुटी दाखवल्या होत्या. व्हिसलर यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक तेव्हा प्रमाण मानलं जायचं. कोण हा भारतीय माणूस, म्हणून साहेब आधी चिडले. मग त्यांनी स्वतःकडचे नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली.

१९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अली अक्षरशः कोलमडले. बहीण कामू आणि मेव्हणे हसन अली यांनी त्यांना स्वतःच्या घरी नेलं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, बीएनएचएसने त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रकाशित केलं.

भारतातल्या पक्ष्यांवर त्याआधी पुस्तकं नव्हती का? होती, आणि चांगली होती. स्टुअर्ट बेकर यांचे तर आठ खंड होते. पण ते वाचायचे म्हणजे पक्षी हातात मेलेला हवा. पंखाची लांबी, चोचीचं माप, पिसांच्या तपशिलांची रांग. आमराईत दिसून भुर्रकन उडालेल्या पक्ष्यासाठी त्यांचा काय उपयोग?

सलीम अलींनी उलट बाजूने सुरुवात केली. वाचणाऱ्याला काय दिसतंय? म्हणून आकार सांगताना इंच मागे राहिले आणि ओळखीचे पक्षी पुढे आले. चिमणीएवढा, बुलबुलएवढा, मैनेएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. थोडा मोठा असेल तर अधिकची खूण, थोडा लहान असेल तर वजाची. मग लांबून ओळखायची खूण, कुठे सापडतो, सवयी काय, घरटं कसं. प्रत्येक पक्ष्याचं रंगीत चित्र. पहिल्या आवृत्तीत १८१ पक्षी होते. भाषा अशी की विज्ञान न शिकलेला माणूसही एका बैठकीत वीस पानं वाचेल.

मला विचाराल तर हे पुस्तक असंच होण्यामागे त्यांचं आधीचं आयुष्य आहे. म्युझियममध्ये शाळेच्या पोरांना पक्षी समजावून सांगणारा आणि स्वतः पदवीच्या दारातून परत पाठवला गेलेला माणूसच असं पुस्तक लिहू शकतो. ते वापरायला कुठलीच पदवी लागत नव्हती.

१९४२ मध्ये नेहरूंनी ते इंदिरा गांधींना भेट दिलं आणि त्यांनाही पक्ष्यांचा नाद लागला. ही ओळख पुढे कामी आली. स्वातंत्र्यानंतर बीएनएचएस पैशाअभावी बंद पडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणापासून वाचावं म्हणून जे आवाज उठले, त्यातही ते होते.

पुढची पुस्तकं भराभर आली. कच्छ, केरळ, सिक्कीम असे एकेका प्रदेशाचे पक्षी. भाची लईक फतेहअली यांच्यासोबत नॅशनल बुक ट्रस्टसाठी सामान्य पक्ष्यांवरचं छोटं पुस्तक. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासोबत १९६८ ते १९७४ या काळात आलेले भारत-पाकिस्तानातल्या पक्ष्यांचे दहा खंड. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली ७७-७८ वर्षांचे होते. (मोटारसायकलचं वेडही जबरदस्त. १९५० मध्ये स्वीडनला पक्षीशास्त्रज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी स्वतःची सनबीम मोटारसायकल जहाजावर चढवली होती.)

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. अभ्यासासाठी त्यांनी आयुष्यभर पक्षी मारून नमुने गोळा केले. त्या काळाची ती पद्धत होती, तरी आजच्या वाचकाला ते खटकतंच. भरतपूरचं प्रकरण जास्त गंभीर आहे. तिथलं पाणथळ राखीव राहावं म्हणून सलीम अली झटले. एकेकाळी तिथे शिकारीची चैन चालायची. १२ नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे नेमकं त्यांच्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले होते. ती जागा राष्ट्रीय उद्यान झाली, पण १९८२ मध्ये तिथे गुरं चारायला बंदी आली. या बंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. नंतर बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी चरायच्या बंद झाल्यावर पाण्यात गवत माजलं आणि पाणपक्ष्यांचं नुकसान झालं. आयुष्यभर निरीक्षणावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाच्या हातून म्हैस निरखायची राहून गेली.

१९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं आणि त्याच्या नावात पुन्हा चिमणी होती, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. आता महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. मांडवीतल्या चोडण बेटावर गोव्याचं पक्षी अभयारण्य आहे, तेही त्यांच्याच नावाचं.

२० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या ९० व्या वर्षी सलीम अली गेले. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र निघत राहिल्या. १८१ पक्ष्यांचं ते पुस्तक १९९६ च्या बाराव्या आवृत्तीत ५३८ पक्ष्यांचं झालं होतं.