लोहाराचा मायकेल आणि आमची मोटार

उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटार जळाली. एक फेज गेली होती, मोटार नुसती घुमली आणि धूर निघाला. आबांनी ती तालुक्याला भरायला नेली. मीपण गेलो. कारागिराने खोलली तर बाहेरच्या भागात काळी पडलेली तांब्याची तार, आणि मधल्या रोटरला वीज नेणारी एकही तार नाही! मग तो फिरतो कसा? गुरुजींना विचारलं, तर त्यांनी मायकेल फॅरेडेचं चरित्र हातात दिलं.

फॅरेडेचा जन्म लंडनजवळ २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला. वडील लोहार आणि सदा आजारी. शाळा लिहिण्या-वाचण्यापुरतीच झाली. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढी. विजेची गोडी त्याला तिथेच लागली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने सगळी व्याख्यानं टिपून घेतली, त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींनाच पाठवलं. १८१३ मध्ये तो त्यांचा मदतनीस झाला.

सप्टेंबर १८२१ मध्ये त्याने भांड्यात पारा घेतला, मधोमध चुंबक उभा केला आणि वरून एक तार पाऱ्यात लोंबती सोडली. तारेतून वीज जाताच ती चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. वीज आणि चुंबक यांच्या जोरावर सतत फिरणारी ही पहिली वस्तू!

पण लगेच त्याच्यावर चोरीचा आळ आला. वोलास्टन नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने आधी तार स्वतःभोवती फिरवायचा प्रयत्न केला होता, तो साधला नव्हता. फॅरेडेने घाईत लेख छापला आणि त्यात त्यांचं नावच घातलं नाही. मला वाटतं, ही त्याची चूकच. पण चोरी नव्हती, कारण त्याची तार वेगळ्याच तऱ्हेने फिरली होती. तो स्वतः वोलास्टनना भेटला. पुढे ते त्याचे प्रयोग पाहायलाही आले. डेव्हींच्या मनात मात्र अढी राहिली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीत फॅरेडेला घ्यायला त्यांनीच विरोध केला. तरी तो निवडून आला.

१८३१ मध्ये त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातली वीज चालू किंवा बंद केली की न जोडलेल्या दुसऱ्यात क्षणभर वीज येई. चुंबकत्व बदललं की वीज उपजते, हे त्याला कळलं.

आमच्या मोटारीचं कोडं इथेच सुटलं. तीन फेजच्या विजेने बाहेरच्या वेटोळ्यांत फिरतं चुंबकत्व तयार होतं. त्यामुळे रोटरमधल्या धातूच्या कांड्यांत आपोआप वीज उपजते, हा १८३१ चा शोध. मग चुंबकत्व त्या कांड्यांना ढकलतं, तो १८२१ चा!

फॅरेडेने सर ही पदवी नाकारली. तो लहान मुलांसाठी नाताळात व्याख्याने देई. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो वारला.

तिसऱ्या दिवशी मोटार भरून आली. आबांनी आधी तिन्ही फेज तपासल्या, मगच बटण दाबलं. पाणी पाटात आलं तेव्हा मी बांधावरच उभा होतो.