दादासाहेब फाळके : निर्मिती कुणाची, मालकी कुणाची?

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. तेथे येणारा माणूस भारतीय चित्रपटाच्या जनकाला वंदन करून परततो. त्या जनकाचे स्वतःच्या अपत्यावर कितपत स्वामित्व उरले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. पुढे छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मुद्रण असे व्यवसाय त्यांनी केले. छापखाना नावारूपाला आला. परंतु भागीदारांशी मतभेद होताच त्यांनी तो सोडला. भावी आयुष्याची ही जणू नांदीच होती.

१९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले व चित्रीकरणाची सामग्री घेऊन आले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय फिल्म धुण्यापर्यंतची सारी मेहनतही केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. या काळात जोखीम त्यांची होती आणि मालकीही त्यांचीच होती.

महायुद्धाने भांडवलाची वाट रोखली. १९१७ साली ‘लंकादहन’ अफाट चालला आणि भांडवलदार आपण होऊन दारी आले. १९१८ साली ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ यांनी यश मिळविले. पण खर्च, शिस्त आणि अधिकार यांवरून खटके उडू लागले. फाळके कंपनीतून बाहेर पडले, काशीला गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्यांच्यावाचून कंपनीचे नीट चालेना, तेव्हा त्यांना पुन्हा बोलाविण्यात आले. ते परतले, मात्र आता ते दुसऱ्यांच्या संस्थेतील निर्माते होते. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच, हलाखीत, त्यांचे निधन झाले.

भागीदारांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पैसा गुंतविणारा हिशेब मागणारच. दोष आहे तो सौद्याच्या वेळेत. कलावंत करारावर सही करतो ती बहुधा त्याची निकड सर्वाधिक असते तेव्हा, आणि कृतीचे खरे मोल तर बाजार नंतर ठरवितो. मधली सारी वाढ मग मालकी ज्याच्याकडे त्याच्या पदरात पडते. अमेरिकेत जेरी सीगल व जो शुस्टर या तरुणांनी १९३८ साली ‘सुपरमॅन’ अवघ्या १३० डॉलरना प्रकाशकाला विकला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९७५ साली लोकमताच्या रेट्यामुळे त्यांना वार्षिक मानधन व नामनिर्देश मिळाला.

आपला १९५७ चा कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्यालाच ओळखतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील लेखक, गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाचा वाटा सुरक्षित केला. दिग्दर्शकाला आणि चित्रकथा रेखाटणाऱ्या चित्रकाराला ते संरक्षण लाभलेले नाही. मात्र याच कायद्यात एक उपयुक्त तरतूद आहे. हक्कांचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणून कायमच्या हक्कांचा कागद पुढे येताच स्वतंत्र चित्रकाराने थांबून मुदत व वाटा यांची विचारणा करावयास हवी.

स्मारके उभारणे समाजाला परवडते, कारण त्यांचा खर्च एकदाच करावा लागतो. कलावंताला जिवंतपणी त्याचा वाटा देणे हा मात्र नित्याचा खर्च आहे. फाळक्यांचे ऋण खरोखर मानावयाचे असेल, तर हा दुसरा खर्च स्वीकारण्याची तयारी आपण दाखविली पाहिजे.