जगाला 'बल्लू' देणारा लेखक मुंबईत जन्मला, पण बल्लूचं जंगल त्यानं कधी पाहिलंच नाही

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर ठाण मांडून बसलेल्या पिढीला अस्वल म्हटलं की आधी बल्लू आठवतो. झोपाळू, प्रेमळ, मोगलीला जंगलाचा कायदा शिकवणारा. पण जालना जिल्ह्यात बुलढाण्याच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला विचारून बघा. पलीकडे अजिंठ्याचे डोंगर, ज्ञानगंगा अभयारण्य. तिकडे अस्वल म्हणजे पहाटे शेतावर जाताना धडकी भरवणारा प्राणी.

मग हा बल्लू आला कुठून?

त्याचा जन्मदाता रुडयार्ड किपलिंग. जन्म ३० डिसेंबर १८६५, मुंबई. वडील जॉन लॉकवूड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची दगडी शिल्पं त्यांचीच. आया आणि नोकरांच्या अंगाखांद्यावर वाढलेलं हे पोर इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानीच सफाईनं बोलायचं. सहा वर्षांचं व्हायच्या आत त्याला इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवलं गेलं. तिथल्या बाईनं त्याचा अतोनात छळ केला. लांडग्यांनी वाढवलेल्या पोराची गोष्ट लिहिणारा स्वतःही आईबापांविना वाढला होता.

१८८२ मध्ये तो परत आला, लाहोरच्या वर्तमानपत्रात नोकरीला लागला आणि १८८९ मध्ये भारत सोडून गेला. पुढं अमेरिकन मुलीशी लग्न करून व्हरमाँटच्या बर्फात राहताना त्यानं 'जंगल बुक' लिहिलं. पुस्तक आलं १८९४ मध्ये. गोष्ट घडते नागपूरच्या वरच्या अंगाला, सिवनीच्या जंगलात. गंमत म्हणजे किपलिंग सिवनीला कधी गेलाच नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्यानं सातपुड्यातल्या शिकारीवर आणि भारतातल्या प्राण्यांवर पुस्तकं लिहिली होती. किपलिंगनं बरीच माहिती तिथून उचलली, असं अभ्यासक मानतात. हाच स्टर्नडेल बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचा सुरुवातीचा एक संपादक.

तरी अस्वल चुकलंच. किपलिंगचा बल्लू तपकिरी, फक्त कंदमुळं, कठीण कवचाची फळं आणि मध खाणारा. आपलं अस्वल काळं, छातीवर पांढुरकी खूण, आणि मुख्य खाणं वाळवी-मुंग्या. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, त्याचा आवाज लांबपर्यंत जातो. बोरं, जांभळं, मोहाची फुलंही खातं. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. मधाचं तेवढं किपलिंगनं बरोबर लिहिलं.

आणि स्वभाव? खाण्यात गुंग असलं की त्याला माणसाची चाहूल लागत नाही. माणूस अचानक समोर आला की पळण्याऐवजी ते बऱ्याचदा अंगावर येतं, आणि पंजा बसतो तो डोक्यावर, चेहऱ्यावर. वाघासोबत हजारो वर्षं राहून हा स्वभाव घडला, असं संशोधक सांगतात. म्हणून अशा भागात चार जणांनी मिळून, मोठ्यानं बोलत, काठी आपटत जावं असं सांगतात.

हे किपलिंगला माहीत नव्हतं असंही नाही. १८९८ च्या त्याच्या एका कवितेत अस्वल हात जोडल्यासारखं उभं राहतं, शिकाऱ्याला दया येते, तो बंदूक खाली घेतो आणि अस्वल त्याचा चेहरा फाडतं. पण तिथं अस्वल म्हणजे रशिया! इंग्रजांनी रशियावर भरवसा ठेवू नये, एवढंच त्याला सांगायचं होतं. माणूस साम्राज्याचा कट्टर भक्त. १९०७ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या या लेखकानं जालियनवाला बागेतल्या डायरसाठी जमलेल्या निधीलाही पैसे दिले.

घरात मात्र त्याला सुख लाभलं नाही. थोरली मुलगी जोसेफिन १८९९ मध्ये सहा वर्षांची असताना गेली, मुलगा जॉन १९१५ मध्ये महायुद्धात मारला गेला. १८ जानेवारी १९३६ ला किपलिंग वारला. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात 'जंगल बुक'ची एक प्रत सापडली. आत त्याच्या हातानं लिहिलेलं होतं, की हे पुस्तक जोसेफिनसाठी आहे.