विश्लेषण : विलीनीकरण हरले, पण भाऊसाहेब जिंकले… मगोपचे पुढे काय झाले?

पणजीहून मिरामारकडे जाणाऱ्या रस्त्याला दयानंद बांदोडकर यांचे नाव आहे आणि मिरामारच्या किनाऱ्यालगत त्यांची समाधी. गोव्यात ते आजही ‘भाऊसाहेब’च. ज्या मागणीसाठी त्यांचा पक्ष उभा राहिला ती मागणी गोवेकरांनी मतदानाने फेटाळली आणि अवघ्या दोन महिन्यांत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवले. हे कसे घडले, हे कळले की महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, म्हणजे मगोपचा, पुढचा प्रवासही उलगडतो.

खाणमालक बहुजनांचा नेता कसा झाला?

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. ते गोमंतक मराठा समाजातले. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात जमीन, शिक्षण आणि देवस्थाने मूठभरांच्या हाती होती. या समाजाच्या वाट्याला उपेक्षाच जास्त आली. खाण व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला, पण त्यांचे नाव गावोगावी पोहोचले ते सढळ हाताने केलेल्या मदतीमुळे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिली निवडणूक झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मगोपची भूमिका सरळ होती : गोवा महाराष्ट्रात विलीन करा. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा त्याला कडवा विरोध होता. ३० जागांच्या सभागृहात मगोपला १४ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. प्रजा समाजवादी पक्षाच्या दोन आमदारांची साथ घेऊन मगोपने सरकार बनवले. काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. नेहरूंचा दबदबा असतानाची ही गोष्ट आहे! २० डिसेंबरला बांदोडकर गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले.

जनमत कौलात काय झाले?

विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतल्या बहुमतावर सोडू नये, थेट लोकांना विचारावे, असे केंद्राने ठरवले. मतदान मोकळ्या वातावरणात व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह होते फूल, तर केंद्रशासित राहण्याचे दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

मगोपचे दुकान तेव्हाच बंद व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मार्च १९६७ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १४ वरून १६ झाल्या आणि १९७२ मध्ये १८!

मग लोक मत कशाला देत होते?

उत्तर कुळाच्या शेतात आणि गावच्या शाळेत आहे. गोव्यात जमीन भाटकाराची आणि राबणारा कूळ. भाटकाराने मनात आणले तर कूळ रस्त्यावर. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि खंडालाही मर्यादा घातली. बांदोडकरांनी खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती, तिथली मुले शाळेत जाऊ लागली. कला अकादमीही त्यांच्याच कारकिर्दीतली. विलीनीकरण ही पक्षाची घोषणा होती. बहुजन मतदाराला हवा होता भाटकाराच्या धाकातून सुटण्याचा मार्ग, आणि तो भाऊसाहेबांमुळे दिसत होता. या लेखकाच्या मते पक्षाची खरी ताकद हीच होती.

त्यात दोषही दडलेला होता. सगळे काही एका माणसाभोवती फिरत होते. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले. ते त्यांनी परतवले, पण दुसरी फळी काही उभी राहिली नाही.

वारसा मुलीकडे

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, बांदोडकरांचे हृदयविकाराने निधन झाले. पद कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे आले. गोव्याच्या त्या आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री. ‘ताईं’नी वडिलांचे काम पुढे नेले : भाटकाराच्या जागेत घर असलेल्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आणि कुळांना जमिनीचे मालक ठरवणारी कूळ कायद्यातील दुरुस्ती त्यांच्याच काळातली. मात्र १९७९ मध्ये स्वपक्षीय आमदार फुटले, सरकार पडले. १९८० मध्ये मगोपच्या हाती उरल्या ७ जागा.

यानंतर काकोडकर काँग्रेसमध्ये गेल्या, तिथून बाहेर पडून त्यांनी वडिलांच्या नावाने भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला आणि शेवटी मगोपमध्येच परतल्या. नुसत्या नावावर पक्ष चालला नाही. १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना त्यांनी मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचा निर्णय घेतला. तो वाद गोव्यात अजून विझलेला नाही. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज मगोप कुठे?

१९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाले आणि विलीनीकरणाचा विषयच संपला. कुळांची नवी पिढी जमिनीच्या प्रश्नातून पुढे सरकली. १९९४ मध्ये भाजपशी युती करताना मगोपचे १२ आमदार निवडून आले आणि भाजपचे ४. पुढे हे प्रमाण उलटले. आता पक्षाची सूत्रे ढवळीकर बंधूंकडे आहेत. २०१९ मध्ये तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ मध्ये मगोपचे दोन आमदार निवडून आले आणि त्यांनी भाजप सरकारला पाठिंबा दिला.