नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल

वाचकहो, तुमच्या घरातील फुटबॉलवेड्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. ऑलिंपिकमधील फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? परदेशी खेळाडूंची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, तीही बहुधा गप्प राहतील. हा मान नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय ख्रिस्ती तरुणाकडे जातो.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. नोकरीधंद्यासाठी मुंबईची वाट धरणारी गोमंतकीय कुटुंबे फुटबॉलची आवडही बरोबर नेत. नेव्हिल यांचा खेळही मुंबईतच बहरला. टाटा स्पोर्ट्स क्लबचे आघाडीचे खेळाडू म्हणून ते नावारूपास आले आणि १९५४ साली संतोष करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या संघातही ते होते. खेळावर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. कंपनीतील नोकरी हाच त्या काळी खेळाडूंचा आधार असे.

नेव्हिल यांच्या पराक्रमाचे मोल नीट कळावे म्हणून थोडे मागे, बेंगळुरूकडे वळावे लागेल. स्वतंत्र भारताचा संघ १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सकडून आपण २-१ असे हरलो. आपला एकमेव गोल बेंगळुरूच्या सारंगपाणी रामन यांनी केला. पुढे १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. तोही एकुलता एक गोल बेंगळुरूच्याच अहमद खान यांचा होता. या मानहानीनंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे भाग पडले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिस्तशीर तालमीत नवा संघ घडू लागला.

१९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक उजाडले. भारताची पहिली गाठ बलाढ्य हंगेरीशी होती. पण त्या वर्षीच्या उठावाने होरपळलेल्या देशाचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढची चाल मिळाली. हे नशीब होते, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. मात्र पुढचा सामना नशिबावर निभावणारा नव्हता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता.

तो दिवस १ डिसेंबरचा. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वी तीही पुसली गेली. दोनदा पुढे जाऊन दोनदा गाठले गेलेल्या संघाची हिंमत अशा वेळी खचते. परंतु मध्यंतरानंतर लगेचच, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथ्या गोलाची भर घातली आणि सामना ४-२ असा भारताचा झाला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातील पहिला देश म्हणून भारताची नोंद झाली.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. चारच वर्षांपूर्वी दहा गोलांनी लाजवणाऱ्या त्या संघाविरुद्ध पहिला गोल भारताचा झाला, आणि तो नेव्हिल यांचाच होता. ती आघाडी काही मिनिटेच टिकली. सामना ४-१ असा गेला; कांस्यपदकाच्या लढतीतही बल्गेरियाने ३-० ने हरवले. भारत चौथा आला. चौथ्याला पदक नसते. नेव्हिल यांच्या नावावर चार गोल जमा झाले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांची गणना झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मेलबर्नच्या आदल्याच वर्षी गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि गोव्याकडे जाण्यायेण्याचे मार्ग बंद झाले होते. ज्यांचे जन्मगाव अद्याप परसत्तेखाली होते, असा तरुण भारताच्या वतीने गोल करीत होता. आसगाव मुक्त झाले ते पाच वर्षांनी, १९६१ साली.

नेव्हिल यांच्या वाट्याला दुसरे ऑलिंपिक आले नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतीय फुटबॉल संघही १९६० नंतर ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. त्यामुळे मेलबर्नचा चौथा क्रमांक हीच आजवरची आपली सर्वोच्च पायरी आहे.

प्रिय वाचकहो, पदक न मिळालेल्या माणसाचे स्मरण का ठेवायचे, असे मुले विचारतील. त्यांना प्रथम हेलसिंकीचे दहा गोल सांगा, मग मेलबर्नचे तीन सांगा. दोहोंमध्ये अवघी चार वर्षे होती. त्या चार वर्षांत अनवाणी पायांनी बुटांची सवय केली, हरलेल्या देशाने पुन्हा उभे राहण्याचे धाडस केले, आणि आसगावच्या एका मुलाने दोनदा हातची गेलेली आघाडी तिसऱ्यांदा मिळवली. मुलांना त्यांचे उत्तर त्यातच सापडेल.