अनस इब्न मलिक

अनस इब्न मलिक (जन्म: इ.स. ६१२ च्या सुमारास, यस्रिब म्हणजेच मदिना, मृत्यू: इ.स. ७१२ च्या सुमारास, बसरा) हे मुहम्मद पैगंबरांचे सहाबी आणि हदीसचे प्रमुख निवेदक होते. मुलांशी कसे वागावे, याविषयीच्या इस्लामी परंपरेतील अनेक आठवणी त्यांच्या कथनातून आल्या आहेत.

बालपण व सेवाकाळ

अनस हे खजरज जमातीच्या बनू नज्जार या शाखेतील होते. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची आई उम्म सुलैम यांनी अबू तल्हा यांच्याशी विवाह केला. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेत आले, तेव्हा सुमारे १० वर्षांच्या अनस यांना त्यांच्या सेवेत देण्यात आले. पैगंबरांच्या निधनापर्यंत, म्हणजे इ.स. ६३२ पर्यंत, ते या सेवेत होते.

या काळात पैगंबरांनी आपल्याला कधीही झिडकारले नाही किंवा केल्या-न केल्या कामाचा जाब विचारला नाही, असे अनस सांगत. एकदा कामासाठी पाठवले असता ते वाटेत मुलांचा खेळ पाहत रेंगाळले. पैगंबरांनी मागून येऊन हसतच त्यांना कामाची आठवण दिली. दुसऱ्या एका प्रसंगी सोपवलेले गुपित त्यांनी आईलाही सांगितले नाही आणि आईनेही ते राखण्यासच बजावले.

अनस यांचा धाकटा सावत्र भाऊ अबू उमैर याचा पाळलेला छोटा पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी त्याची आपुलकीने विचारपूस केली. नमाज चालू असताना मूल रडल्याचे ऐकू आल्यास त्याच्या आईची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत, हेही अनस यांनी नोंदवले आहे.

उत्तरायुष्य

पुढे अनस बसरा येथे स्थायिक झाले. हसन बसरी, इब्न सीरीन व कतादा यांनी त्यांच्याकडून हदीस ऐकल्या. त्यांच्या नावावर २,२८६ हदीस सांगितल्या जातात. उतारवयात इराकचा सुभेदार हज्जाज याने त्यांचा अपमान केला. अनस यांनी तक्रार केल्यावर खलिफा अब्दुल मलिक यांनी हज्जाजची कानउघाडणी केली.

रस्त्यात मुले दिसली की अनस स्वतःहून त्यांना सलाम करीत. वडीलधाऱ्याने मुलांना आधी अभिवादन करण्याची ही रीत त्यांनी पैगंबरांकडून घेतली होती. बसऱ्यात निधन पावलेले ते अखेरचे सहाबी मानले जातात.