ध्यास रबराचा : चार्ल्स गुडइयर

गुडइयर हे नाव ट्रकच्या चाकावर वाचले की हा कुणी बडा कारखानदार असावा, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात चार्ल्स गुडइयर १८६० साली वारले ते सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज मागे ठेवून. त्यांचे नाव लावणारी कंपनी १८९८ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दुसऱ्याच लोकांनी काढली.

आमच्या बेव्हर्ली पार्कात मुले रिमोटच्या मोटारी पळवतात. स्वस्त मोटारीचे कडक प्लॅस्टिकचे चाक लादीवर घसरते. महागाच्या मोटारीला मऊ रबराचे, आत फोम भरलेले टायर असते आणि ते वळणावरही जमीन धरून राहते. हे रबर मे महिन्याच्या उन्हात वितळत नाही, याचे श्रेय गुडइयर यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी न्यू हेवन येथे झाला. वडिलांबरोबरचा लोखंडी सामानाचा धंदा बुडाला आणि कर्जापायी तुरुंगाची वाट धरावी लागली. त्या काळी रबराच्या वस्तू उन्हाळ्यात चिकट होत, हिवाळ्यात तडकत. या दोषावर इलाज शोधायचाच, असे त्यांनी मनावर घेतले. रसायनशास्त्राचे शिक्षण नव्हते. घरच्या स्वयंपाकघरात, प्रसंगी तुरुंगातही, ते डिंकासारखे कच्चे रबर मळत बसत. सरकारी टपालखात्यासाठी त्यांनी १५० थैल्या केल्या. त्याही उन्हाळ्याने खराब झाल्या.

नॅथॅनियल हेवर्ड या कारागिराकडून त्यांना गंधकाचा उपयोग कळला. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळण्याऐवजी कातड्यासारखे करपले, आणि करपलेल्या भागाच्या कडेला हवे तसे लवचिक रबर सापडले! रबराचे लांबलचक रेणू गंधक एकमेकांशी सांधतो, हे कारण पुढच्या पिढ्यांना कळले. माझे वडील भाईंदरच्या एका गाळ्यात रबराच्या वॉशरच्या प्रेसवर काम करतात. त्यांच्या सदऱ्याला येणारा वास याच गंधकाचा. किती उष्णता, किती वेळ, हे त्यांना हाताच्या सवयीने ठाऊक आहे. गुडइयर यांना ते ठरवायला पाच वर्षे लागली. १५ जून १८४४ रोजी पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅन्कॉक यांनी त्यांचे नमुने पाहून आधीच अर्ज केला होता.

त्या दिवसांतली एक हकीकत चरित्रकार सांगतात. घरात अन्न नव्हते, तेव्हा गुडइयर यांनी मुलांची शाळेची पुस्तके पाच डॉलरला विकली. त्यांच्या बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली. इथे मला त्यांचा मोठेपणा पुरता मानवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पुस्तके प्रथम माझ्याच हाती आली. वडिलांनी त्यासाठी जादा पाळ्या केल्या. रबर महत्त्वाचे खरे, पण त्या मुलांचे पुढे काय झाले, हे पेटंटच्या कागदावर लिहिलेले नसते.

१८५२ साली पेटंटचा मोठा खटला डॅनियल वेब्स्टर या नामांकित वकिलाने त्यांच्या बाजूने जिंकला. वकिलाची फी होती पंधरा हजार डॉलर. तरीही पैसा हाती टिकेना. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी रबराच्या वस्तूंनी दालन सजवले, आणि फ्रान्सचा मानाचा क्रॉस मिळाला तेव्हा ते तिथल्या कर्जदारांच्या तुरुंगात होते. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतले होते, पण ते चालले नाही. १८८८ साली डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा गुडइयर यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.